‘पुरणे’ आणि ‘पूरक’ : स्तन्यपायी अर्भकांच्या जस्तपोषणविषयक संशोधनाची चिकित्सा

अंगावर पिणाऱ्या अर्भकांना जस्ताची मात्रा निराळी द्यावी किंवा नाही, ह्या प्रश्नावर गेल्या तीन-चार दशकांत विपुल लेखन झाले आहे. चाचण्या झाल्या, त्यांचे आढावे निघाले, आणि त्या आढाव्यांचेही पुन्हा आढावे निघाले. तथापि पदव्युत्तर विद्यार्थी हे वाङ्मय प्रथम हाती घेतो तेव्हा तो बुचकळ्यात पडल्यावाचून राहत नाही. एका ठिकाणी जस्ताने मुलांची वाढ झपाट्याने झाली असे त्याला वाचावयास मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी तेच द्रव्य तितक्याच प्रमाणात देऊनही काही फरक पडला नाही असे आढळते. अशा वेळी कोणता प्रयोग खरा आणि कोणता खोटा हे ठरविण्याकडे त्याच्या मनाचा कल होतो. आमच्या मते ही वाट चुकीची आहे. दोष बहुधा प्रयोगांत नाही. प्रश्नाच्या मांडणीत आहे. “आईचे दूध जस्ताच्या दृष्टीने पुरेसे आहे काय?” असा प्रश्न विचारला की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच येणार. वास्तविक हा प्रश्न दुधाविषयीचा नसून बाळाचे वय, त्याचे जन्माचे वजन आणि त्याच्या तोंडी पडणारा पहिला घास ह्यांविषयीचा आहे. हे प्रतिपादन सप्रमाण मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम दुधाचा विचार करू. स्तन्यातील जस्ताचे प्रमाण स्थिर नसते. प्रसूतीनंतर महिन्याभराने ते लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम असते, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दीड मिलिग्रॅमपर्यंत उतरते आणि सहाव्या महिन्यात सव्वा मिलिग्रॅमच्याही किंचित खाली जाते. बाळ दिवसाकाठी पाऊण लिटरहून थोडे अधिक दूध पिते असे धरले, तर पहिल्या महिन्यात त्याला रोज दोन मिलिग्रॅमहून अधिक आणि सहाव्या महिन्यात एक मिलिग्रॅमहून थोडे कमी जस्त मिळते. ही घसरण आईच्या आहारावर फारशी अवलंबून नसते. आईला जस्ताच्या गोळ्या देऊन ती थोपविण्याचे प्रयत्न सामान्यतः निष्फळ ठरले आहेत. स्तनग्रंथी आपला क्रम आपणच चालवितात, असेच म्हणावे लागते.

ही घसरण पाहून पुष्कळ लेखकांनी ‘न्यूनता’ हा शब्द वापरण्याची घाई केली आहे. परंतु आवक पाहताना जावक आणि गरज ह्यांकडे डोळेझाक करणे हा हिशेबाचा प्राथमिक दोष होय. पहिल्या महिन्यात बाळाचे वजन दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास वाढते. सहाव्या महिन्यात ही वाढ त्याच्या निम्म्यावर येते. नव्या ऊतींच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण २० मायक्रोग्रॅम जस्त लागते असे धरले, तर वाढीसाठी लागणारे जस्त पहिल्या महिन्यात रोजी सहा दशांश मिलिग्रॅमच्या आसपास आणि सहाव्या महिन्यात त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी येते. म्हणजे दुधातील जस्त उतरते त्याबरोबर वाढीची मागणीही उतरते. ह्याखेरीज स्तन्यातील जस्ताचे शोषण चांगले, सुमारे निम्म्याइतके होते; आणि आवक कमी असेल तेव्हा बाळाचे आतडे स्वतःच्या स्रावांतून वाया जाणारे जस्तही आखडून धरते. समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांनी ह्या गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. शिवाय गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळाच्या यकृतात जस्ताचा काही साठा होतो आणि पूर्ण दिवसांचे बाळ तो बरोबर घेऊन येते. एवंच, पूर्ण दिवसांच्या व पुरेशा वजनाच्या बाळाचा पहिल्या सहा महिन्यांचा जमाखर्च बहुधा जुळतो. सहाव्या महिन्यानंतर मात्र तो जुळत नाही. ह्या वयात वाढीला लागणारे जस्त कमी झाले असले, तरी बाळाचे शरीर मोठे झाल्यामुळे आतडी, मूत्र व त्वचा ह्यांवाटे होणारी घट वाढलेली असते. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २००१ साली सात ते बारा महिन्यांच्या बाळासाठी दिवसाला ३ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली. त्यापैकी दुधातून मिळणारा वाटा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास येतो. बाकीचे अन्नातूनच यावयास हवे. ह्याला दुधाचा दोष म्हणणे म्हणजे सकाळच्या भाकरीने रात्रीची भूक भागली नाही म्हणून भाकरीलाच नावे ठेवण्यासारखे आहे.

दुधातील द्रव्याची मोजदाद आणि त्याचा उपयोग ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एका दुर्मिळ रोगाच्या इतिहासावरून उत्तम रीतीने ध्यानात येते. नॉर्वेमधील डानबोल्ट आणि क्लॉस ह्यांनी १९४२ साली ‘ॲक्रोडर्माटायटिस एन्टेरोपॅथिका’ ह्या आनुवंशिक व्याधीचे वर्णन केले. तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांच्या टोकांशी चट्टे, केस गळणे आणि सतत अतिसार ही तिची लक्षणे. बाळ अंगावर पीत असेपर्यंत ही व्याधी सहसा दिसत नसे. दूध तोडले की ती उद्भवे, आणि पुन्हा स्त्रीचे दूध मिळाले की उतार पडे. गायीच्या दुधाने हा उतार पडत नसे. पुढे १९७३-७४ मध्ये लंडनमध्ये मॉयनहन ह्यांनी ही व्याधी जस्ताने बरी होते हे दाखविले, आणि २००२ साली आतड्यातील एका जस्तवाहक प्रथिनाच्या जनुकात तिचे मूळ सापडले. आता गायीच्या दुधात जस्ताचे प्रमाण लिटरमागे ३ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे सहाव्या महिन्यातील स्तन्याच्या दुपटीहूनही अधिक असते. केवळ अंकांवर भिस्त ठेवणाऱ्याने गायीचेच दूध श्रेष्ठ ठरविले असते. परंतु गायीच्या दुधातील जस्त बहुतांशी केसिनाशी जखडलेले असते, आणि स्तन्यातील जस्त सहज सुटणाऱ्या संयुगांत असते. ज्याच्या आतड्याचे दार अर्धवट मिटलेले आहे अशा बाळालाही त्याचा लाभ होतो.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. अन्यथा आमचे विवेचन एकांगी ठरेल. काही मोजक्या मातांच्या दुधात जस्त खरोखरच फार कमी उतरते. २००६ साली अशा एका कुटुंबातील स्तनग्रंथीच्या जस्तवाहक प्रथिनात जनुकीय दोष आढळला. ह्या मातांच्या केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांना वर वर्णिलेल्या व्याधीसारखीच लक्षणे होतात. आईला जस्त देऊन उपयोग होत नाही, बाळाला दिल्यास ते बरे होते, आणि दूध सुटल्यावर त्याला जस्ताची गरज उरत नाही. येथे ‘दुधात जस्त कमी’ हे विधान अक्षरशः खरे आहे. परंतु अपवादाला नियमाच्या आसनावर बसविणे हे शास्त्र नव्हे. अशा बाळाची लक्षणे ओळखून त्याला वेळीच जस्त देणे हे वैद्याचे काम. त्यावरून सर्व मातांच्या दुधाबद्दल अनुमान काढणे हे कोणाचेच काम नाही.

आता चाचण्यांकडे वळू. १९९२ साली ‘लॅन्सेट’ मध्ये वालराव्हेन्स आणि त्यांचे सहकारी ह्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅरिसमधील स्थलांतरित कुटुंबांतली चार ते नऊ महिन्यांची सत्तावन्न स्तन्यपायी बाळे त्यांनी निवडली आणि काहींना तीन महिने रोज ५ मिलिग्रॅम जस्त दिले. जस्त मिळालेल्या बाळांची, विशेषतः मुलग्यांची, वाढ अधिक झाली. २००६ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी चार ते दहा महिन्यांच्या स्तन्यपायी बाळांना तेवढेच, म्हणजे रोज ५ मिलिग्रॅम, जस्त देऊन पाहिले. वाढीवर, आजारपणावर किंवा स्नायूंच्या हालचालींच्या विकासावर कसलाही परिणाम झाला नाही. ह्या दोन अभ्यासांच्या मध्ये, २००० साली, इथिओपियातील एक चाचणी ‘लॅन्सेट’ मध्येच प्रसिद्ध झाली. तीत सहा ते बारा महिन्यांची दोनशे स्तन्यपायी बाळे होती. निम्मी खुरटलेली, निम्मी न खुरटलेली. आठवड्यातून सहा दिवस १० मिलिग्रॅम जस्त सहा महिने दिल्यावर खुरटलेल्या बाळांची लांबी सरासरी ७ सेंटिमीटरांनी वाढली, जस्त न मिळालेल्या खुरटलेल्या बाळांची केवळ २.८ सेंटिमीटरांनी. न खुरटलेल्यांत हेच आकडे अनुक्रमे ६.६ आणि ५ असे होते.

हे तीन अभ्यास शेजारी ठेवून ‘निष्कर्ष परस्परविरोधी आहेत’ असा शेरा मारण्याची प्रथा पडली आहे. आम्हास ती मान्य नाही. पॅरिसच्या अभ्यासाबद्दल हे खुशाल म्हणावे की बाळांची संख्या थोडी होती, आणि मुलगे व मुली अशी फोड केल्यावर ती आणखीच थोडी उरली. अशा फोडीतून निघालेल्या फरकावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु विरोध कोठे आहे? कॅलिफोर्नियातील पूर्ण दिवसांचे, चांगले पोसलेले बाळ, आणि इथिओपियाच्या ग्रामीण भागातील खुरटलेले बाळ, ही दोन्ही ‘स्तन्यपायी’ ह्या एकाच विशेषणाखाली येतात म्हणून ती एक होत नाहीत. दोघांच्या तोंडात आईचे दूध आहे. मात्र जन्मताना बरोबर आणलेला साठा, वारंवार होणारे जुलाब आणि दुधाबरोबर मिळणारे अन्न ही सर्वस्वी भिन्न आहेत. ज्याच्या हिशेबात तूट नाही त्याला जोड देऊन वाढ होणार नाही, आणि ज्याच्या हिशेबात तूट आहे त्याला ती मिळताच वाढ होईल. ह्या तीन अभ्यासांनी एकमेकांना खोडून काढलेले नाही. त्यांनी एकच गोष्ट तीन बाजूंनी सांगितली आहे. त्यांची सरासरी काढणे म्हणजे तहानलेला आणि पाणी प्यालेला अशा दोघांना अर्धा-अर्धा पेला देऊन न्याय केल्याचे समाधान मानणे होय.

आपल्या देशातील अनुभवही ह्याच दिशेने पाहावयास हवा. परंतु तो अधिक नाजूक आहे. २००१ साली दिल्लीतील एका चाचणीत पूर्ण दिवसांची, पण गर्भवयाच्या मानाने लहान अशी हजाराहून अधिक अर्भके घेतली होती. रोज ५ मिलिग्रॅम जस्त मिळालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश आढळले. हा निष्कर्ष अर्थातच गाजला. परंतु मृत्यूंची एकूण संख्या लहान होती आणि अंदाजाच्या सीमा फार रुंद होत्या, हे गाजावाजात मागे पडले. पुढे २००९ साली दिल्लीतच कमी वजनाच्या दोन हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या चाचणीत मृत्यू किंवा वाढ ह्यांवर असा परिणाम सिद्ध झाला नाही. येथे मात्र ‘दोन्ही बरोबर’ असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. शहर एक, बाळे लहान वजनाची, आणि तरीही उत्तर निराळे. पहिल्या निष्कर्षातील आशा अतिशयोक्त असावी, असा सरळ कौल देणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्याला अनुकूल असलेल्या लहान अभ्यासाला ‘पुरावा’ आणि प्रतिकूल असलेल्या मोठ्या अभ्यासाला ‘अपवाद’ म्हणण्याची सवय आपल्या विषयातून जावयास हवी.

ह्याहून महत्त्वाचा मुद्दा अतिसाराच्या उपचाराचा. १९९५ साली दिल्लीत झालेल्या चाचणीने अतिसार झालेल्या लहान मुलांना जस्त दिल्यास आजार लवकर आटोपतो असे दाखविले. इतर देशांतूनही तसाच पुरावा जमत गेला आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी संयुक्त निवेदन काढले. क्षारसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस रोज २० मिलिग्रॅम, आणि सहा महिन्यांखालील बाळांना १० मिलिग्रॅम जस्त द्यावे, असा त्याचा आशय होता. भारतात २०१४ साली सुरू झालेल्या अतिसार-नियंत्रण पंधरवड्यातही दोन ते सहा महिन्यांच्या बाळांसाठी अर्धी गोळी आईच्या काढलेल्या दुधात विरघळवून देण्याची सूचना होती. सहा महिन्यांवरील मुलांच्या बाबतीत ह्या उपचाराचा पाया भक्कम आहे. विशेषतः कुपोषित मुलांत आजार सुमारे एक दिवसाने कमी होतो. आमचा आक्षेप फक्त अर्ध्या गोळीबद्दल आहे.

सहा महिन्यांखालील बाळांसाठी हा आकडा कोठून आला? मोठ्या मुलांना उपयुक्त ठरलेले प्रमाण निम्मे करून लहानांना लागू केले, ह्यापलीकडे त्याच्या मागे फारसा आधार दिसत नाही. शिफारशीनंतर ह्याच वयाच्या बाळांवर स्वतंत्र चाचण्या झाल्या. बांगलादेशातील २००५ सालची चाचणी आणि भारत, पाकिस्तान व इथिओपिया ह्या तीन देशांत हजाराहून अधिक बाळांवर झालेली २००६ सालची चाचणी, ह्या दोहोंतही जस्ताने अतिसाराचा काळ कमी झाला नाही. २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यानेही ह्या वयोगटाबाबत हेच सांगितले. ह्याचे आश्चर्य का वाटावे? ह्या वयातील जमाखर्च बहुधा जुळलेला असतो, हे वर दाखविलेच आहे. जेथे तूट नाही तेथे भर घालून काय साधणार? शिवाय अमेरिकी वैद्यक संस्थेने सहा महिन्यांखालील बाळासाठी घातलेली जस्ताची कमाल मर्यादा दिवसाला ४ मिलिग्रॅम आहे. ती मर्यादा दीर्घकाळच्या सेवनासाठी आहे, दोन आठवड्यांच्या उपचारासाठी नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण लाभ सिद्ध नसताना मर्यादा ओलांडण्याचे समर्थन कशाच्या बळावर करावयाचे? मोठ्या मुलांतसुद्धा मात्रेचा आकडा अढळ नव्हता. भारत व टांझानिया येथील साडेचार हजार मुलांवरील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ व १० मिलिग्रॅम ही प्रमाणे अतिसाराच्या बाबतीत २० मिलिग्रॅमच्या मानाने उणी पडली नाहीत, आणि ओकाऱ्या मात्र कमी झाल्या.

मोजमापाच्या साधनाबद्दलही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. शरीरातील जस्ताचा अत्यल्प अंश रक्तद्रवात असतो. संसर्ग झाला, ताप आला की हा अंश आणखी उतरतो. शरीरातील एकूण जस्त मात्र तेवढेच असते. आजारी बाळाच्या रक्तावरून त्याची जस्तस्थिती ठरविणे म्हणजे ओहोटीच्या वेळी समुद्र आटला असे म्हणण्यासारखे आहे. लोकसमूहाचा अंदाज घेण्यास हे मापन उपयोगी पडते. एकेका बाळाबद्दल निवाडा देण्यास नाही. २०१६ ते २०१८ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १९ टक्क्यांत जस्ताची न्यूनता आढळली. हा आकडा कित्येक ठिकाणी अर्भकांसंबंधी उद्धृत केला जातो. परंतु त्या रक्ततपासणीत एक वर्षाखालील बाळे नव्हतीच. ज्यांची तपासणी केली नाही त्यांच्याविषयी निष्कर्ष काढणे हा साधा तर्कदोष आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून तो वारंवार डोकावतो.

अखेर आपल्या परिभाषेकडे वळतो, कारण ह्या गोंधळाला मराठीत एक खास हातभार लागलेला आहे. गोळी किंवा थेंबांच्या रूपाने दिलेल्या जस्तालाही आपण ‘पूरक’ म्हणतो, आणि सहाव्या महिन्यानंतर दुधाच्या जोडीला सुरू करावयाच्या अन्नालाही ‘पूरक आहार’ म्हणतो. पहिले औषधाच्या कपाटातून येते, दुसरे चुलीवरून. पहिल्याची गरज काही बाळांना, काही काळ असते. दुसऱ्याची प्रत्येक बाळाला, अनिवार्यपणे असते. दोहोंना एकच नाव मिळाल्यामुळे ‘पूरकाची गरज आहे’ ह्या वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. आणि ह्या शब्दाच्या पोटात ‘पुरणे’ हे क्रियापद दडलेले आहे. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीत किती सहज उच्चारले जाते, आणि त्यापाठोपाठ वरचे दूध बाटलीतून कसे आत येते, हे ठाऊक नसलेला वाचक विरळा. आपण प्रबंधात ‘स्तन्यातील जस्ताचा अपुरेपणा’ असे लिहितो तेव्हा त्या वाक्याला शास्त्राचा शिक्का मारून देत असतो. त्याची किंमत चार महिन्यांच्या बाळाला मोजावी लागते. म्हणून गोळीला ‘जस्ताची मात्रा’ आणि अन्नाला ‘जोडआहार’ किंवा सरळ ‘वरचे अन्न’ म्हणावे, अशी आमची सूचना आहे.

ह्या वरच्या अन्नाकडेच आपल्या विभागांतील संशोधनाचे लक्ष वळावयास हवे. जस्ताच्या न्यूनतेचा मानवी इतिहासच मुळी धान्यापासून सुरू झाला. १९६१ साली प्रसाद आणि त्यांचे सहकारी ह्यांनी इराणमधील शिराझच्या परिसरात खुरटलेल्या तरुणांचे वर्णन केले. ते मुख्यत्वे न आंबविलेल्या गव्हाच्या रोटीवर राहत होते, आणि पुढील अभ्यासांनी अशा धान्यातील फायटेट जस्ताला आतड्यातच अडवून ठेवते हे स्पष्ट केले. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी ह्यांतही फायटेट आहे. उष्टावणानंतर बाळाला वरणाचे वरवरचे पाणी आणि भाताची पातळ पेज मिळत राहिली, तर त्यातून जस्त नाममात्रच मिळणार. उलट नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व, किंवा आंबविलेले पीठ ह्यांत फायटेट काही प्रमाणात विघटित झालेले असते. आपल्या आज्यांनी हे फायटेटचे नाव न घेता केले. ज्या घरी चालते तेथे अंडे, मासळी, मांस ह्यांचा थोडासा अंशही मोठी भर घालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ११ टक्क्यांनाच किमान समाधानकारक आहार मिळत असल्याचे दिसले. तूट कोठे आहे हे ह्या एका आकड्यावरून उघड होते. ती स्तनात नाही, ताटात आहे.

म्हणून ह्यापुढे ह्या विषयावर लिहिणाऱ्याने प्रत्येक निष्कर्षापुढे तीन गोष्टी नोंदविल्याशिवाय लेखणी खाली ठेवू नये : बाळाचे वय महिन्यांत, त्याचे जन्माचे वजन, आणि दुधाखेरीज ते काय खात होते. ह्या तीन रकाने कोरे असलेल्या तक्त्यावरून मातेच्या दुधाविषयी निवाडा देण्याचा अधिकार कोणासही नाही.